नवीन उपजातीचं वर्णन कसं लिहितात? मदत हवी आहे, तातडीने

तळ्याकाठची:
शुक्रवारपर्यंत परिषदेला सारांश पाठवायचाय, म्हणून घाईत लिहितेय. माझ्याकडे १४ कातडी आणि त्यांच्याच कवट्या आहेत, सगळ्या एकाच परिसरातल्या. संग्रहालयातल्या नमुन्यांपेक्षा रंग स्पष्ट फिका, करड्याकडे झुकणारा. गालाच्या हाडांपाशी कवटी रुंद. उपजात वेगळी आहे, याबद्दल मला शंका नाही. नाव आजीवरून द्यायचंय. वर्णनात काय काय लागतं आणि नाव सारांशात घातलं तर चालेल का, एवढंच सांगा.

रानवाट:
प्राणी कोणता? देश कोणता?

तळ्याकाठची:
मस्करॅट. अमेरिका, नेब्रास्कातल्या सँडहिल्सची तळी. मला वाटलं लिहिलंय.

माजघर:
आमच्या सातारच्या घरी मस्करॅटने उच्छाद मांडलाय. भिंतीच्या कडेने चीं चीं करत पळतात, वास दोन दोन दिवस जात नाही. पिंजऱ्यात सुका बोंबील लावा, हमखास सापडतात.

रानवाट:
माजघर, ती चिचुंद्री. आपल्याकडे इंग्रजी बोलताना तिला मस्करॅट म्हणतात, पण ती उंदराच्या कुळातलीच नाही. हे जनावर साधारण किलोभर वजनाचं, शेपूट दोन्ही बाजूंनी चपटी, पाणकणसाच्या देठांचे ढीग रचून पाण्यात घर करतं.

कालवा:
आम्ही हॉलंडला असतो. युरोपात हे जनावर मूळचं नाही. १९०५ साली प्रागजवळ मोजकीच सोडली होती, तिथून पसरली. इथे बांध पोखरतात म्हणून पकडायला पगारी माणसं आहेत.

जुनी_पेटी:
मूळ प्रश्नाकडे येते. मी कातड्यांच्या संग्रहात काम केलंय. सारांशात नाव अजिबात घालू नका. परिषदेतल्या लोकांना वाटलेला सारांश प्राण्यांच्या नावांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीनुसार प्रकाशन ठरत नाही. नाव अधिकृत होत नाही, उगाच फिरत राहतं. वर्णनात इतरांपासून फरक शब्दांत सांगावा लागतो. १९९९ नंतरच्या नावांना मूळ नमुना (ज्याच्यावर नाव बेतलं तो) नेमून द्यावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे तेही लिहावं लागतं. लेख फक्त ऑनलाइन येणार असेल तर झूबँकेत, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत, नोंदणी हवी. बाईच्या नावावरून असेल तर लॅटिन षष्ठी, शेवटी 'एई' (-ae). आता मला सांगा, ज्यांच्याशी तुलना केली ती कातडी कोणत्या सालची?

जनुकवाला:
कातडी कसली बघताय! डीएनए काढल्याशिवाय आजच्या काळात उपजात मांडूच नये. मस्करॅटच्या आधीच १६ उपजाती लिहून ठेवल्यात, बहुतेक रंग आणि मापांवर.

जुनी_पेटी:
नियमावलीत डीएनएची अट नाही. तुमचा मुद्दा चांगल्या संशोधनाचा, तो मान्य. पण धागाकर्तीने विचारलंय ते नावाबद्दल.

जनुकवाला:
नाव दिलं की ते कायमचं यादीत बसतं, म्हणून बोलतोय. १९४९ चा ७५ टक्क्यांचा निकष तरी लावा: एका गटातले निदान तेवढे नमुने दुसऱ्यापासून ओळखता आले पाहिजेत.

तळ्याकाठची:
तुलनेची कातडी बहुतेक १९२० च्या आधीची. माझी गेल्या दोन वर्षांतली. त्याने काय फरक पडतो?

जुनी_पेटी:
सगळाच पडतो. खणात वर्षानुवर्षं ठेवलेली कातडी लालसर होत जातात. त्यांच्याशेजारी ताजं कातडं ठेवलं की ते करडं दिसणारच. मैदानी प्रदेशातल्या मस्करॅटला हॉलिस्टर या प्राणिशास्त्रज्ञाने १९१० मध्ये दालचिनीवरून नाव दिलं, कॅन्ससमधल्या वाकीनीच्या नमुन्यावरून. तुमची जनावरं त्याच उपजातीची आहेत का, हे आधी बघा. आणि महिना? उन्हाळ्यात केस झडतात, हिवाळी कातड्याशी ते मिळवता येत नाही.

रानवाट:
कवटीचंही तेच. वय वाढलं की कवटी रुंदावते. वरची पहिली दाढ बघा: लहान जनावरात तिच्या उभ्या खाचा हाडाच्या आत शिरलेल्या असतात, मोठ्यात हाडाबाहेरच संपतात.

तळ्याकाठची:
आत्ता भिंग घेऊन पाहिलं. १४ पैकी ११ मध्ये खाचा हाडाबाहेर संपतात. तुलनेच्या कवट्यांचं वय मी बघितलंच नव्हतं. सारांश पाठवते, पण नाव आणि 'उपजात' हा शब्द काढून, फक्त मापं. सोमवारी संग्रहालयात ताजी हिवाळी कातडी मागते. आजीचं नाव वहीत राहू दे.

जुनी_पेटी:
मागताना लेबलवर नर-मादी लिहिलंय का तेही बघा. तुमच्या १४ मध्ये नर किती?