मदत हवी आहे : फोनवरचे रोजचे, सहज इंग्रजी संभाषण तालुक्याच्या गावी राहून कसे शिकावे?

नमस्कार,

मी रावेर तालुक्यातील केळी उत्पादक कुटुंबातील आहे. शेती सासरे आणि दीर पाहतात. माल परदेशी पाठवण्याचा पत्रव्यवहार, बिले, तपासणीची कागदपत्रे आणि आखाती देशांतील खरेदीदारांशी फोनवर बोलणे ही कामे माझ्याकडे आहेत. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, माझी पिढी त्याआधीची. आम्हाला हा विषय पाचवीत आला आणि पुढचे सारे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. तरीही इंग्रजी वाचायला मला अडचण येत नाही, आलेल्या पत्राला त्याच भाषेत व्यवस्थित उत्तर देता येते आणि व्याकरणाचा पाया पक्का आहे. अडते ते फक्त बोलताना, आणि त्यातही ज्याची आधी तयारी करता येत नाही अशा साध्या, घरगुती वळणाच्या बोलण्यात. त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. सल्ला नेमका मिळावा म्हणून अडचण थोडी विस्ताराने मांडते.

सर्वांत आधी ऐकण्याविषयी. आमच्याकडे निर्यातीची पेटी बहुधा तेरा किलोची भरली जाते. कंटेनरमधील तापमानही साधारण १३ ते १४ अंश सेल्सिअस राखावे लागते, कारण त्याहून फार खाली गेले तर केळीच्या सालीला थंडी लागून ती काळपट पडते. त्यामुळे ‘थर्टीन’ हा शब्द आमच्या व्यवहारात सतत येतो, आणि फोनवर तो ‘थर्टी’पासून वेगळा ओळखणे मला अजून खात्रीने जमत नाही. ‘थर्टी’त जोर सुरुवातीला आणि ‘थर्टीन’मध्ये शेवटी, हे मी शिकले आहे, पण ‘थर्टीन बॉक्सेस’ असे जोडून म्हटले की तो जोरही सुरुवातीकडे सरकतो आणि दोन्ही शब्द कानाला सारखेच लागतात. सध्या मी प्रत्येक वेळी ‘वन-थ्री?’ असे विचारून आकड्याची खातरजमा करते. व्यवहारापुरते ते पुरेसे आहे, परंतु आकड्याखेरीज जे बोलले जाते त्याची अशी फोड करून घेता येत नाही. ‘व्हॉट आर यू गोइंग टू डू’ हे वाक्य कागदावर पाहिले तर त्यातील एकही शब्द अनोळखी नाही, मात्र पलीकडचा माणूस ते ‘व्हॉट्या गना डू’ असे एका दमात म्हणतो, तेव्हा वाक्य संपल्यावर मला अर्थ लागतो आणि तोवर संभाषण पुढे निघून गेलेले असते. इंग्रजीत वाक्यातील महत्त्वाच्या अक्षरांवर जोर पडतो आणि मधली अक्षरे आक्रसतात, तर मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचे पूर्ण माप देतो, हे कारण मला वाचून माहीत झाले आहे. कारण कळले म्हणून कान तयार होत नाही. तो कशाने तयार झाला, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांच्याकडून मला ऐकायचे आहे.

शब्द कमी पडतात असे मात्र मला वाटत नाही. न्यूझीलंडमधील भाषाअभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ सालच्या अभ्यासानुसार, बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीतील सुमारे ९५ टक्के शब्द समजण्यासाठी तीन हजारांच्या आसपास शब्दकुटुंबे (मूळ शब्द आणि त्याची निरनिराळी रूपे) पुरतात, आणि वाचनामुळे तेवढा साठा माझ्याजवळ निश्चित आहे. अडचण येते ती साध्या शब्दांच्या जोडीने वेगळाच अर्थ तयार होतो तिथे. ठरलेली गोष्ट ‘पुश बॅक’ करू असे कोणी म्हटले तर ती पुढच्या तारखेवर गेली, आणि ‘ब्रिंग फॉरवर्ड’ म्हटले तर अलीकडे आली. कंटेनर भरण्याच्या दिवसाविषयी बोलणे चालू असताना हा फरक क्षणात ध्यानात यावा लागतो, कारण त्यावर मजुरांची टोळी, कापणी आणि पॅकहाऊसचे काम अवलंबून असते. ब्रिटिश वळणाचे इंग्रजी बोलणारा माणूस ‘हाफ सेव्हन’ म्हणतो तेव्हा त्याला साडेसात म्हणायचे असते, हेही मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडले नव्हते.

याहून नाजूक भाग सौजन्याचा आहे, आणि माझ्या मते शिकवणारे त्याकडे सर्वांत कमी लक्ष देतात. मराठीत ‘तुम्ही’ म्हटले, क्रियापद आदरार्थी वापरले, की माणसाचा मान राखला जातो. इंग्रजीत तो मान वाक्याच्या घडणीतून द्यावा लागतो. ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड’ असा भूतकाळ वापरून केलेली विनंती आजच्याच कामाची असते, आणि ‘वुड यू माइंड’ असे कोणी विचारले तर आपली तयारी दाखवण्यासाठी उत्तर ‘नो’ने सुरू करायचे असते. हे नियम म्हणून मला पाठ आहेत, तरी बोलण्याच्या ओघात तोंडातून ‘यस’च बाहेर पडते. दुसरीकडे, आदर दाखवण्यासाठी प्रत्येक वाक्यात ‘सर’ जोडण्याची आपल्याकडची पद्धत पलीकडच्या माणसाला अवघडवणारी वाटते, असे मला जाणवले आहे. एका खरेदीदाराने स्वतःच नावाने हाक मारा असे सांगितले. परंतु वयाने वडील असलेल्या माणसाला नुसत्या नावाने संबोधणे माझ्या संस्कारात बसत नाही. परदेशात नोकरी करणाऱ्यांनी हा प्रश्न कसा सोडवला, हे कृपया सांगावे.

कामापूर्वीच्या चार शब्दांचेही तसेच आहे. मराठीत फोन लागला की ‘काय म्हणता, पाऊस कसा आहे तुमच्याकडे?’ इथून बोलणे सुरू होते आणि हळूहळू भावावर येते. इंग्रजीत मी ‘गुड मॉर्निंग’नंतर थेट पेट्यांच्या संख्येवर येते, कारण मधले बोलणे कसे जोडावे आणि कुठे थांबवावे ते कळत नाही. समोरचा बोलत असताना आपण मराठीत ‘हं’, ‘बरं’, ‘असं का’ म्हणत राहतो, म्हणजे त्याला आपले लक्ष आहे हे कळते. इंग्रजीत त्या जागी काय म्हणावे आणि किती वेळा म्हणावे, याचा अंदाज नसल्याने मी गप्प राहते, आणि फोन तुटला असे समजून पलीकडून ‘हॅलो, हॅलो’ सुरू होते.

आता उपायांविषयी. जळगावातील एका वर्गात मी काही काळ जात होते. तेथे मुलाखतीत स्वतःची ओळख कशी करून द्यावी, गटचर्चेत भाग कसा घ्यावा, याचा सराव करून घेत. नोकरी शोधणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होत असेलही, माझ्या गरजेशी त्याचा संबंध नव्हता. बीबीसीचा ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम मी नियमित ऐकते आणि त्याचा लाभ होतो आहे, मात्र त्यात बोलणारे स्पष्ट आणि सावकाश बोलतात. चित्रपट पाहताना खाली ओळी दिसत असतील तर मी ऐकण्याऐवजी वाचू लागते आणि ओळी काढल्या तर कथा हातातून निसटते.

या सर्व काळात माझ्या मनात आलेला मूळ प्रश्न असा आहे. आपल्या खानदेशात माणसाला तीन-चार भाषा येणे ही नवलाची गोष्ट नाही. आमच्या रावेर-यावल भागात घरी लेवा बोली, शाळेत प्रमाण मराठी आणि बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याशी हिंदी अशी आमची भाषा दिवसभरात बदलत असते. धुळे, अमळनेरकडे घरात अहिराणी असते. नंदुरबारच्या बाजारात भिली बोली, अहिराणी, गुजराती आणि हिंदी एकाच दुकानात ऐकू येतात. माझ्या सासऱ्यांनी हिंदीचे व्याकरण कधीही शिकलेले नाही, तरी ते भावाची घासाघीस, समोरच्याची चौकशी, थट्टा आणि समजूत हे सारे हिंदीत करतात. त्यांच्या हिंदीला मराठीचे वळण आहे, पण त्यामुळे त्यांचे काम कधी अडले नाही आणि त्यांना कोणी हसलेही नाही. म्हणजे न शिकवता भाषा शिकण्याची रीत आपल्याकडे आहेच. इंग्रजीसाठी आपल्याला मिळत नाही तो असा बाजार, जिथे गरजेपोटी रोज बोलावे लागते आणि चुकले तरी व्यवहार पुढे चालतो. तो रावेरसारख्या गावात कसा उभा करता येईल?

मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांविषयी १९८५ साली मांडलेला विचार माझ्या वाचनात आला. वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकून त्या मुलांना समजत उत्तम होते, पण बोलण्यात ती मागे राहत होती, आणि त्यावरून स्वतः वाक्य घडवून बोलण्याची सक्ती झाल्याशिवाय बोलणे सुधारत नाही असे त्यांचे म्हणणे होते. मला ते माझ्या स्थितीशी जुळणारे वाटते. म्हणून तालुक्यातील माझ्यासारख्याच काही महिलांनी एकत्र येऊन ठरलेल्या वेळी फोनवर फक्त इंग्रजीत बोलावे, विषय मात्र आमचेच असावेत, म्हणजे पाऊस, मजुरी, मुलांच्या परीक्षा, घरातील लग्नकार्य, असा विचार आहे. शंका एवढीच आहे की सर्वांचीच इंग्रजी सारखी कच्ची असेल, तर एकमेकींच्या चुका ऐकून त्या कायमच्या रुजतील का? असा गट कोणी चालवला असेल, तर त्यात भाषा चांगली येणारी किमान एक व्यक्ती असणे आवश्यक ठरते का, आणि चूक त्याच क्षणी सुधारावी की बोलणे संपल्यावर, हेही सांगावे. माझा कल बोलणे संपल्यावर सुधारण्याकडे आहे, कारण मध्येच अडवले की बोलणारी बाई पुढच्या वेळी तोंड उघडत नाही.

इंग्लंड-अमेरिकेतील लोकांसारखे उच्चार करण्याची माझी इच्छा नाही. ज्यांच्याशी मला बोलावे लागते त्यांतील बहुतेकांचीही इंग्रजी ही मातृभाषा नसते. ओमानमधील कार्यालयात कधी केरळचा, कधी इजिप्तचा, तर कधी फिलिपिन्सचा माणूस फोन उचलतो. केरळच्या माणसाशी पुष्कळदा हिंदीवर निभावते, इतरांशी नाही. त्यामुळे ऐकण्याच्या सरावासाठी फक्त ब्रिटिश किंवा अमेरिकन आवाज निवडावेत की अशा निरनिराळ्या देशांतील लोकांचे बोलणे मुद्दाम ऐकावे, हाही माझा प्रश्न आहे. उच्चारांपैकी कोणते सुधारल्याशिवाय गैरसमज होतातच, तेवढे सांगितले तरी पुरे. उदाहरणार्थ, इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचा ‘प’ जोरात, जवळजवळ ‘फ’कडे झुकणारा श्वास सोडून उच्चारला जातो आणि आपला साधा ‘प’ काहींना ‘ब’ ऐकू येतो, असे मी वाचले आहे. प्रत्यक्षात कोणाला याची अडचण आली आहे का?

मराठी माध्यमातून शिकून, वयाच्या तिशीनंतर बोलण्याची सवय लागली, अशा सदस्यांनी अवश्य लिहावे. व्याकरणाची पुस्तके माझ्याजवळ आहेत, ती सुचवू नयेत ही विनंती. परदेशात राहणाऱ्या खानदेशी मंडळींपैकी कोणाला आठवड्यातून अर्धा तास आमच्या गटाशी इंग्रजीत बोलणे शक्य असेल तर तसे इथेच कळवावे. आम्हा बहुतेकींची कामे भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठपर्यंत आटोपतात, तेव्हा ओमानमध्ये सात आणि इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात दुपारचे चार वाजलेले असतात. रविवार सोडून कोणताही दिवस चालेल, कारण सोमवारी गाडी भरायची असली की रविवारी रात्री पॅकहाऊसमध्ये जावे लागते.