पानगळीत लहान मुलांसह जंगलवाट : सल्ला हवा

रानभूल : मुलगा ५ वर्षांचा, मुलगी २ची. वाट ४ किलोमीटर, चढ जेमतेम. गोलाकार वाट घ्यावी की जाऊन त्याच वाटेने परत यावं? धाकटीला घरातल्या कापडी कॅरिअरमध्ये (पाठीला बांधायच्या झोळीत) घेणार. नवीन खरेदी नको.

पायपीट : आधी फ्रेमवाला कॅरिअर घ्या. कमरपट्टा रुंद आणि वर छत असलेलाच. आमचा अजून नवाकोरा दिसतो.

चकवा : खरेदी नको म्हणाल्यात त्या. शिवाय रिकामी फ्रेमच ३ किलोच्या आसपास, आणि मुलाचं डोकं तुमच्या डोक्याच्याही वर येतं. तुम्ही वाकून चुकवलेली फांदी थेट त्याच्या तोंडावर! कापडी पुरे. मात्र चालणाऱ्याचं अंग तापतं, पाठीवर झोपलेल्याचं नाही. तिला तुमच्यापेक्षा एक थर जास्त घाला. पंजे गार लागले म्हणून घाबरू नका, मानेमागे हात घालून बघा. मान गार असेल तर थर वाढवा. कॅरिअरमध्ये पँट वर सरकून पोटऱ्या उघड्या पडतात, म्हणून मोजे गुडघ्यापर्यंतचे.

सुती_नको : आत सुती अजिबात नको. घामाने भिजलं की वाळत नाही, थांबलात की अंग गारठतं. आत लोकर किंवा पॉलिएस्टर, मध्ये फ्लीस (मऊ, उबदार कापड), वर वारा अडवणारं जॅकेट.

पायपीट : थरांचं मी सांगणारच होतो.

घोटा : बुटांचं कोणी बोलेना! पानांच्या थराखाली मुळं आणि दगड दिसत नाहीत, आणि ओलं पान दगडावर शेवाळासारखं सटकतं. जाड मोज्यांसकट अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, उतारावर बोटं पुढे सरकतात. उतरताना मोठे खालच्या बाजूला. मुलाला एका मनगटाला धरून झटक्याने वर ओढू नका, या वयात कोपराचं हाड सरकतं.

डबकं : गमबूट. विषय संपला.

घोटा : डबक्यात ठीक. ४ किलोमीटरमध्ये टाच आत-बाहेर होऊन फोड येतात.

चकवा : मूळ प्रश्न राहिला. जाऊन-येऊनची वाट घ्या, कुठूनही वळता येतं. गोलात अर्ध्यावर पोचलात की माघार घेऊन अंतर वाचत नाही. थांबत-रमत तासाला दीड किलोमीटरच धरा. हाताशी असलेल्या वेळेचा तिसरा हिस्सा संपला की वळा, परतीला मुलं रेंगाळतात. झाडीत अंधार सूर्यास्ताआधीच दाटतो. हेडलँप असू द्या.

सुती_नको : अळंबीला हातही लावू देऊ नका, विषारी असतात.

बुरशीवेडी : हात लावून विषबाधा होत नाही, खाल्ल्याने होते. बघू द्या, तोंडात जाऊ देऊ नका, नंतर हात धुवा. २ वर्षांच्या मुलीवर मात्र डोळा ठेवाच. मोठ्याला अंड्यांचा रिकामा ट्रे द्या, प्रत्येक खणात वेगळ्या रंगाचं पान. पिवळा रंग पानात आधीपासून असतो, हिरवा विरला की दिसतो. लाल बहुतेक झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो. ठसा घ्यायचा तर शिरांची बाजू वर, पातळ कागद, खडू आडवा धरून.

डबकं : गोचिडी? पानांच्या ढिगात मुलं लोळली तर घरी आल्यावर काखा, जांघा, कानांमागे, केसांत तपासा. सापडली तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल वगैरे लावू नका.

रानभूल : सगळ्यांचे आभार. गोलाकारच घेतेय, पाहिलेली वाट परत चालायला मोठा बसकण मारतो. चढ आधी येईल अशा दिशेने, सकाळी लवकर. आणि गमबूट, कारण तेच आहेत.

घोटा : मग मोज्यांच्या दोन जोड्या जास्त घ्या. टाच लाल दिसली की तिथेच पट्टी लावा, फोड यायची वाट बघू नका.