सात जणांसाठी जुनी अर्टिगा : पेट्रोल घ्या, पण आधी पुराच्या खुणा बघा

सात जणांसाठी जुनी गाडी कोणती घ्यावी, या प्रश्नावर दोघांनी मारुतीची जुनी डिझेल अर्टिगा सुचवली आहे. महिन्याला हजार किलोमीटरही होणार नसतील तर माझं मत १.४ लिटरच्या पेट्रोल इंजिनालाच. डिझेलचा टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा भाग) किंवा इंजेक्टर (इंधन फवारणारा भाग) गेला की इंधनात वाचलेले पैसे एका झटक्यात जातात. पेट्रोलला टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) आहे, ठरावीक काळाने बेल्ट बदलायचा खर्च नाही. मात्र इंजिन पूर्ण थंड असताना स्टार्ट करा. खडखड दोन-तीन सेकंदांत थांबली नाही तर चेन किंवा ती ताणून धरणारा टेन्शनर गेलेला असू शकतो.

एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग असेल तर २०१९ आणि २०२१ चा पूर विसरू नका. सगळे सीट बेल्ट, तिसऱ्या रांगेचेसुद्धा, शेवटपर्यंत ओढा. गुंडाळलेल्या भागावर गाळाची रेघ राहते, ती धुऊनही सहसा जात नाही. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का, फ्यूज बॉक्समध्ये हिरवट थर आहे का, तेही बघा. खूण दिसली तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. वायरिंगचे दोष वर्षभरानेही निघतात.

घाटात वापरलेल्या गाडीचा क्लच तपासा: हँडब्रेक ओढून तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं, नाही पडलं तर क्लच झिजलाय. सीएनजी असल्यास आरसीवर नोंद आणि टाकीच्या दर तीन वर्षांच्या हायड्रो टेस्टचं (पाण्याच्या दाबाने होणारी तपासणी) प्रमाणपत्र मागा.