दशांश आधी बाजूला काढावा, की मनात येईल तेव्हा द्यावे?

साक्रीकर
गेल्या रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कापणीची उपकारस्तुती झाली. दादर ज्वारीची पोती, भुईमुगाच्या शेंगा, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या असे सगळे वेदीपुढे मांडलेले पाहताना मला आईची आठवण झाली. खळ्यावर दादर मोजताना दहावे माप ती वेगळ्या पोत्यात टाकायची, आणि त्या वेळी तिचा चेहरा जितका प्रसन्न असे तितका पीक विकून पैसे हाती आल्यावरही नसे. 'पृथ्वी परमेश्वराची आहे' असे बायबलमधले 24 वे स्तोत्र म्हणते. म्हणजे शेताचे आपण मालक नसून कारभारी आहोत, आणि कारभाऱ्याने मालकाचा वाटा आधी काढावा, कारण उरल्यातून देऊ म्हटले तर काही उरतच नाही. म्हणून दशांश, म्हणजे उत्पन्नाचा देवासाठी काढलेला दहावा हिस्सा, ठरलेलाच असावा, असे माझे ठाम मत आहे.

रावेरचा केळीवाला
आपल्या मातोश्रींबद्दल मनापासून आदर आहे, परंतु मत पटत नाही. वैशाखातल्या वादळात बाग आडवी झाली, त्या वर्षीही आमच्या मंडळीत देणाऱ्यांची यादी नाव आणि रकमेसह वाचली गेली. मी उसने पैसे घेऊन दशांश भरला आणि घरी येईपर्यंत पत्नीशी एक शब्द बोललो नाही. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या 9 व्या अध्यायात पौल स्पष्ट सांगतो की दुःखी मनाने किंवा भाग पडते म्हणून देऊ नये, संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. आपल्याजवळचे सगळे, म्हणजे दोन दमड्या, दान करणाऱ्या गरीब विधवेचा दाखला आपल्याकडे नेहमी दिला जातो. पण मार्कच्या 12 व्या अध्यायात त्याच्या अगदी आधी, विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशूने दोष दिला आहे, तो भाग कोणी वाचत नाही.

नवापूरची सून
दोघांचेही वाचून मला बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 14 वा अध्याय आठवला. तिथला दशांश कसा आहे पाहा: तो घेऊन जायचे, देवासमोर सहकुटुंब जेवायचे आणि आनंद करायचा, दर तिसऱ्या वर्षी मात्र तो गावातच ठेवायचा, म्हणजे लेवी (देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातले लोक), परदेशी, अनाथ आणि विधवा पोटभर जेवतील. ज्याची बाग पडली आहे तो त्या वर्षी देणाऱ्यांच्या रांगेत नसून जेवणाऱ्यांच्या पंगतीत बसला पाहिजे, आणि मंडळीला हे कळले नसेल तर कारभारात चुकली ती मंडळी. माझ्या सासूबाई रोज भाकरीचे पीठ मळण्याआधी एक मूठ पीठ वेगळ्या डब्यात टाकतात. डबा भरला की तो कुणाच्या घरी जातो, हे त्या आम्हालाही सांगत नाहीत. दहावा हिस्सा त्यांनी कधी मोजला नाही, तरी एकही दिवस चुकला नाही.

साक्रीकर
यादी वाचणे चूकच आहे, हे मान्य करतो; उजव्या हाताचे डाव्या हाताला कळू नये, ही तर प्रभूचीच शिकवण आहे. उसनवारी करून देण्याचाही मी आग्रह धरणार नाही. परंतु ताई, तुमच्या सासूबाईंची मूठ हासुद्धा नियमच आहे. मन प्रसन्न असेल त्याच दिवशी मूठ टाकायची असती, तर डबा भरला असता का? आनंद आधी येतो आणि मग हात सुटतो, असे मी फारसे पाहिलेले नाही. आईच्या बाबतीत तरी माप आधी पडायचे.

रावेरचा केळीवाला
तुमच्या आईचे माप आणि ताईंच्या घरची मूठ, दोन्ही त्यांनी स्वतः ठरवलेली होती. माझा दशांश दुसऱ्या कोणीतरी ठरवला आणि मोठ्याने वाचला. यंदा घड चांगले पडले आहेत. बाग पडलेल्या एका शेजाऱ्याच्या नवीन रोपांचा खर्च मी उचलणार आहे. ही रक्कम दहाव्या हिश्श्याहून अधिक होते, आणि ती मंडळीच्या वहीत लिहायची की नाही, यावर पत्नीचे आणि माझे अजून एकमत झालेले नाही.