मेमध्ये आठ दिवस दापोलीला, मुलांसोबत जिओकॅशिंग करायचंय, कुणी केलंय का?

कोथरूडची_आई
नमस्कार मंडळी, मेमध्ये आम्ही चौघं आठ दिवस दापोलीजवळ एका वाडीत राहायला जातोय, मुलगी १३ आणि मुलगा ९. दरवर्षी कोकणात जाऊन आम्ही करतो काय तर संध्याकाळी वाळूत खेळायचं, मासे खायचे आणि दुपारभर एसी लावून मोबाइल. यंदा खरंच ते नकोय. मुलीला जिओकॅशिंगचं वेड लागलंय, म्हणजे जीपीएसवर कोऑर्डिनेट्स टाकून कुणीतरी लपवलेला डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथेच परत ठेवायचा. वेताळ टेकडीवर मी स्वतः डबा लपवून दोन-तीनदा सराव करून घेतला, मुलांना जाम आवडलं.
आता अडचण अशी की काल बसून दापोलीच्या बाजूचे पॉइंट्स मॅपवर टाकले तर ते गुहागरच्या समोर भर समुद्रात पडतायत, माझं काय चुकतंय? शिवाय तिकडे आधीचे लपवलेले डबे मिळतील का, आम्ही नवीन एखादा कायमचा ठेवून येऊ शकतो का, आणि समुद्राकाठी मुलांना निसर्गातलं काय दाखवता येईल? उन्हाची कल्पना आहे, सकाळ-संध्याकाळच बाहेर पडणार.

टेकडीवरचा_भटक्या
ताई, तुमचे पॉइंट्स का सरकतायत ते आधी सांगतो, कारण ही चूक मीही केलीय. जिओकॅशिंगमध्ये कोऑर्डिनेट्स अंश आणि मिनिटांत देतात, आणि तुम्ही बहुतेक मिनिटांचा आकडा तसाच पॉइंटनंतर टाकलाय. दापोली साधारण १७ अंश ४५ मिनिटांवर आहे. एका अंशात ६० मिनिटं, म्हणजे ४५ मिनिटं झाली पाऊण अंश, मॅपवर टाकायचं १७.७५. तुम्ही १७.४५ टाकलंत की पॉइंट ३३ किलोमीटर दक्षिणेला गेला, म्हणजे गुहागर! रेखांशाचंही तसंच, ७३ अंश ११ मिनिटं म्हणजे ७३.१८, ते ७३.११ झालं की पॉइंट समुद्रात. अॅपच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट बदला, हाताने गणितं करत बसू नका. मुलीकडून मात्र एकदा कागदावर करून घ्या, अक्षांश-रेखांश कायमचे डोक्यात बसतील.
आधीच्या डब्यांवर फार भिस्त ठेवू नका, आपल्याकडे हा खेळ अजून विरळ आहे. निघायच्या आधी अॅपमध्ये बघा आणि शेवटचा कधी कुणाला सापडलाय ती तारीख बघा, कोकणात दोन पावसाळे खाल्लेला डबा जागेवर असेलच असं नाही. कायमचा डबा ठेवायचा विचार सोडून द्या. ज्याने ठेवला त्याने तो सांभाळायचा असा नियम आहे, पुण्याहून पाच-सहा तासांवरचा डबा तुम्ही कसा सांभाळणार? सुट्टीत जाऊन ठेवलेले डबे म्हणूनच सहसा मंजूर होत नाहीत. किल्ल्यावर तर अजिबात नको, सुवर्णदुर्ग संरक्षित स्मारक आहे. जेटीवर, एसटी स्टँडवर, देवळात बेवारस डबा दिसला तर लोक घाबरतील आणि पोलीस येतील.
त्यापेक्षा टेकडीवर केलंत तेच तिथे करा. वाडीच्या मालकांना विचारून त्यांच्याच आवारात पाच-सहा डबे ठेवा आणि निघताना सगळे गोळा करून आणा. घट्ट झाकणाचे डबे, छोटी वही, पेन नको पेन्सिल द्या कारण दमट हवेत शाई पसरते. खाऊ अजिबात नाही, मुंग्या लागतात आणि वानरं आली तर डबाच घेऊन जातील. जमिनीत पुरायचा नाही, फांदीच्या बेचक्यात किंवा दगडाच्या आडोशाला ठेवायचा. नारळी-पोफळीखाली जीपीएस आठ-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं, तेव्हा शेवटचा टप्पा डोळ्यांनी शोधायचा. खरी मजा तिथेच आहे हो, मुलं मोबाइल खिशात टाकून झाडं बघायला लागतात.
अर्थकॅश म्हणूनही एक प्रकार असतो. त्यात डबा नसतोच, खडक किंवा किनाऱ्याची रचना बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची. दोन दिवस हाताशी असतील तर हरिहरेश्वर बघा, तिथल्या कातळात मधाच्या पोळ्यासारखी भोकं आहेत, खारं पाणी खडकात मुरतं, मीठ साठतं आणि तेच खडक फोडतं. तुमचे प्रश्न तुम्हीच तयार करा. पण देवळामागून खडकांत उतरणारी प्रदक्षिणेची वाट भरतीच्या वेळी जिवावर बेतते, गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका.

बंदरावरचा
मी मूळचा हर्णैच्या बाजूचा, आता सिंहगड रोडला असतो. वरच्या दादांनी जीपीएसचं नीट सांगितलंय पण समुद्रावर आधी कॅलेंडर बघा, कारण तुमचा पॉइंट बरोबर असला तरी त्यावर पाणी आहे की खडक हे तिथीवर ठरतं.
आमच्याकडे साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्याच्या सहाएक तास पुढे-मागे ओहोटी. अंदाजाचा हिशोब आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो, म्हणून खडकात जायचं असेल तर भरती-ओहोटीचं कोष्टक बघाच. अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी दोन्ही लहान, पाणी फार आत जात नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा भरती मोठी तशी ओहोटीही मोठी, एरवी पाण्याखाली असलेले खडक तेव्हाच उघडे पडतात. लाडघरच्या टोकाला किंवा कोळथऱ्याच्या बाजूला असे खडक आहेत.
ओहोटीच्या तासभर आधी उतरा आणि पाणी परत चढायला लागलं की लगेच मागे फिरा. पायात रबरी तळाच्या चपला हव्यात, कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. खडकातल्या डबक्याशी पाच मिनिटं गप्प बसायला लावा मुलांना. आधी काहीच दिसत नाही, मग एक शंख चालायला लागतो, मग दगडाच्या रंगाचा छोटा मासा हलतो, कडेला समुद्रफूल, म्हणजे फुलासारखा दिसणारा प्राणी, पाकळ्या उघडतं. खाडीच्या चिखलात निवट्या बघा, मासा असून चिखलावर उड्या मारतो. आणि वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसली तर तुडवू नका, बारीक खेकडे वाळू तोंडात घालून त्यातलं अन्न काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या गोळ्या करून बाहेर टाकतात, सगळी नक्षी पुढच्या भरतीला पुसली जाते.
गाडी वाळूत घालू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

शंखपुष्पी
एकच गोष्ट कळकळीने सांगते. जिओकॅशिंगमध्ये डब्यातली एखादी वस्तू घेतली की तेवढ्याच मोलाची आपली वस्तू ठेवायची असते ना, तर तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने किनाऱ्यावरचा एक सुंदर शंख डब्यात ठेवला. मीच म्हटलं होतं, ठेव, छान आहे. दुसऱ्या दिवशी भावाने डबा उघडला तर वास आला, आत शंखातला खेकडा मरून पडला होता, लालसर नांगी अर्धी बाहेर. पोरगी इतकी रडली की त्या दिवशी जेवली नाही. त्या खेकड्यांचं पोट मऊ असतं, त्यावर कवच नसतं, रिकामा शंख हेच त्यांचं घर. वाढले की मोठा शंख शोधावा लागतो, त्यामुळे रिकामा शंखही कुणाच्या तरी कामाचाच असतो. डब्यात घरून मणी, बटणं, गोट्या न्या, किनाऱ्यावरचं काही नको. आणि शंकूच्या आकाराच्या नक्षीदार शंखाला तर हातच लावू देऊ नका, आतला जीव डंख मारतो आणि तो विषारी असतो.

कोथरूडची_आई
किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार. फॉरमॅट बदलला, पॉइंट्स सगळे जमिनीवर आले! शंखांचं आत्ताच मुलांना वाचून दाखवलं, मुलगा लगेच बटणांचा डबा शोधायला गेला. कॅलेंडर बघितलं तर आमचे आठ दिवस बरोबर अष्टमी ते पौर्णिमा आहेत. म्हणजे सुरुवातीला वाडीतले डबे आणि शेवटच्या दोन दिवसांत खडक, बरोबर ना?

बंदरावरचा
एकदम बरोबर. पौर्णिमेला पहाटे सव्वापाच-साडेपाचला ओहोटी आहे पण अंधारात मुलांना खडकात नेऊ नका, संध्याकाळीही साधारण त्याच वेळेला मिळेल. साडेचारला उतरा, साडेपाचला मागे फिरा. आणि वाडीत रातांबे पिकले असतील, लाल झालेल्या झाडाखाली एक डबा ठेवा, मुलांना कोकम कसं दिसतं ते कळेल.

टेकडीवरचा_भटक्या
अजून एक ताई, परत येताना वेळ असेल किंवा पुढच्या वर्षी, रत्नागिरीकडे कातळशिल्पं बघा. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू अशी ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीयत. उघड्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळाच्या पठारावर, कोऑर्डिनेट्स धरून चालत जायचं आणि एकदम पायाशी दगडात कोरलेला हत्ती. राजापूर तालुक्यात देवाचे गोठणे इथल्या शिल्पाजवळ साधा कंपास, म्हणजे होकायंत्र, ठेवला की सुई दिशा चुकते, मुलीला कंपास घेऊन जायला सांगा.