अनुभव धागा : बांधकामावरची पाळणाघरे

मोबाइल क्रेशेस, म्हणजे ‘फिरती पाळणाघरे’, या संस्थेच्या कामाशी ताई (पाळणाघर सांभाळणारी कार्यकर्ती), पालक, मूल किंवा ठेकेदाराचा माणूस म्हणून ज्यांचा संबंध आला, त्यांनी आपल्या आठवणी येथे लिहाव्यात. १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाचे बांधकाम दिल्लीत राजघाटाजवळ चालू असताना, मजूर स्त्रियांची तान्ही मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी तेथेच एका तंबूत पाळणाघर सुरू केले. १९७२ साली हे काम मुंबईत आले आणि १९८१ साली पुण्यात. दोन्हीकडचे काम पुढे स्वतंत्र संस्थांकडे गेले. इमारत उभी राहिली की मजूर हलतात, म्हणून पाळणाघरानेही त्यांच्यामागे हलायचे, हे या कामाच्या नावातच आहे.

मुंबई, निवृत्त ताई :
मी १९८४ साली रुजू झाले. पाळणाघर म्हणजे शाळेसारखी एखादी खोली असेल, अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षात अर्धवट उठलेल्या इमारतीचा, दारे-खिडक्या न बसवलेला तळमजला आम्हांला मिळाला आणि पहिले दोन दिवस खिळे, सळ्यांचे तुकडे व सिमेंटच्या रिकाम्या गोण्या उचलण्यातच गेले. तान्ह्यांसाठी झोळ्या, मधल्यांसाठी बालवाडी आणि थोरल्यांसाठी वर्ग, असे तिन्ही एकाच छपराखाली का, हे मला आठवड्याभरात उमगले. सात-आठ वर्षांची मुलगी कधी एकटी येत नसे, धाकट्या भावाला कडेवर घेऊनच येई, आणि तो झोळीत निजला तरच तिचे हात पाटीसाठी मोकळे होत. आया अंगावर पाजायला मुकादमाची नजर चुकवून येत. त्यांना ठरावीक वेळी सोडावे म्हणून आम्ही त्याच्याकडे अनेकदा खेटे घातले, आणि त्याचे स्वतःचे नातवंड झोळीत आल्यावर ते काम सोपे झाले. भाषेचे म्हणाल, तर गुलबर्ग्याकडची मुले पाण्याला ‘नीरु’ म्हणत आणि महबूबनगरची ‘नीळ्ळु’. दोन्ही शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले.

पुणे, साइट इंजिनिअर :
१९९६च्या बांधकाम कामगार कायद्याने पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तेथे पाळणाघराची खोली देणे बंधनकारक केले, म्हणजे राजघाटच्या तंबूनंतर तब्बल २७ वर्षांनी. आमच्या हजेरीपटावर मात्र बायका कधी पन्नास भरल्याच नाहीत, कारण जोडीची मजुरी नवऱ्याच्या नावावर लागत असे आणि घमेली वाहणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच वहीत नसे. त्या वेळी मला यात काही गैर वाटले नव्हते, हेही लिहिले पाहिजे. शेवटी आम्ही जागा दिली ती कायद्यामुळे नव्हे. मुले खोदलेल्या खड्ड्यांच्या कडेला खेळत आणि आमचा निम्मा जीव तिकडे लागलेला असे, म्हणून दिली.

सोलापूर, लहानपणी पाळणाघरात असलेला :
माझी आई बिगारी होती. मला त्या जागेचे उकडलेले अंडे आणि दर आठवड्याला येणाऱ्या डॉक्टरांचे गुलाबी औषध, एवढेच नीट आठवते. आम्ही चार साइटी बदलल्या. नव्या ठिकाणी सामान टेकवले की आई आधी पाणी कुठे आहे ते विचारी आणि मग तिथे ताई आहेत का ते. दोन ठिकाणी नव्हत्या. तेथे मी आईच्या पदराला बांधलेला असे.

पालघर, अंगणवाडी सेविका :
आमच्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचे काम सुरू केले, आणि जी मुले शाळेपर्यंत येत नाहीत त्यांच्या अंगणातच शाळा न्यावी, या विचारातून ‘अंगणवाडी’ आली. १९७५च्या सरकारी योजनेने तो शब्द देशभर नेला. आमची अंगणवाडी मात्र काही तासच चालते. दिवसभर कामावर असणारी आई दुपारी मुलाला घ्यायला कशी येणार?

मुंबईच्या त्याच ताई :
पुण्याच्या इंजिनिअरसाहेबांसाठी थोडी भर घालते. तुमच्या हजेरीपटावर बायका भरत नसतील. माझ्या वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे आईचे नाव आणि ती त्या दिवशी कितव्या मजल्यावर आहे, हे रोज सकाळी लिहिलेले असे, कारण मूल रडू लागले की मला तिलाच हाक मारावी लागे.