चौकीची पायरी : तुमचे अनुभव लिहा

माझी आजी सेटलमेंटमध्ये वाढली. सोलापूरबाहेरच्या माणसाला हे एखाद्या नगराचं नाव वाटतं. इंग्रजांनी 1871 साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे कैकाडी, पारधी, भामटा अशा जमातींची कुटुंबंच्या कुटुंबं इथे तारेच्या कुंपणात आणून ठेवली. दिवसा काम, ठरल्या वेळी हजेरी, परगावी लग्नाला जायचं तरी पास. चारी बाजूंनी शहर आणि मधे हे बेट. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. आजी मात्र मरेपर्यंत दिवेलागणीला दारात उभी राहून पोरं मोजायची. मोजणी जुळल्याशिवाय ताट वाढायची नाही.

गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेत, माझ्या धाकट्या भावाला पोलिसांनी उचललं. कुणाची तरी चेन गेली होती. हा जिलेबीच्या स्टॉलपाशी मित्रांबरोबर उभा. आधार कार्ड सगळ्यांची बघितली, याचा पत्ता वाचला आणि "तू चल बे" म्हणाले. रात्रभर बाकावर बसवलं. घरी कळवलं नाही. पहाटे साडेपाचला "जा आता" म्हणून सोडलं. आम्ही विचारायला गेलो तर उत्तर आलं की असा कुणी मुलगा आणलाच नव्हता. नोंदच नाही. मारलं नाही, हे खरं. पण माझा भाऊ एक रात्र कुठे होता याचा एकही कागद नाही, हे मला मारण्याइतकंच लागलं.

म्हणून विचारते. तुमच्या वस्तीत, तुमच्या गावात काय घडलं? ठाण्याचं आणि साहेबांचं नाव नको. काय बोलले आणि हातात कागद पडला का, ते लिहा. चांगलं घडलं असेल तर तेही लिहा.

पूर्व भागातून, विडी कामगार

मी बोलते, नात लिहिते. जावयाने मुलीच्या डोक्यात तांब्या घातला, चार टाके पडले. ठाण्यात गेलो तर हवालदार म्हणाले, "अक्का, घरातलं भांडण आहे, मिटवून घ्या." फार विनवल्यावर अदखलपात्र, म्हणजे पोलिसांनी आपणहून तपास करायचा नाही अशी नोंद, लिहून घेतलं आणि सही करा म्हणाले. मला तेलुगू वाचता येतं, मराठी नाही. मी नातीला म्हटलं, आधी वाच. त्यात "किरकोळ वाद" असं होतं. टाके कुठेच नव्हते. मी अंगठाही दिला नाही, सहीही केली नाही. दोन तास बसवून ठेवलं. एक जण सारखा म्हणत होता, म्हातारीला कुणीतरी शिकवून पाठवलंय.

दुसऱ्या दिवशी युनियनमधल्या वकीलबाईंनी अर्ज लिहिला, दवाखान्याचा कागद जोडला आणि पोलिस आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने पाठवला. ठाण्यात घेतलं नाही तर वरच्या अधिकाऱ्याला पोस्टाने पाठवता येतं, असं कायद्यातच आहे म्हणे. पाचव्या दिवशी फोन आला. गुन्हा दाखल झाला आणि नक्कल फुकट मिळाली. मागच्या वेळी शेजारणीकडून त्याच नकलेचे दोनशे घेतले होते. पोस्टाची पावती मी विड्यांच्या कार्डाबरोबर ठेवलीय.

करमाळा तालुका, उजनीकाठ

आमच्याकडे वस्ती इकडे सोलापूर जिल्ह्यात, समोरचा काठ पुणे जिल्ह्यात, मधे धरणाचं पाणी. नावेचं इंजिन आणि जाळी चोरीला गेली. इकडे गेलो तर "नाव कुठल्या काठाला बांधली होती?" तिकडे गेलो तर "तुम्ही करमाळ्याचे ना?" पाण्यावर हद्द कुणी आखलीय? 21 मे 2024 ला कुगाव-कळाशीच्या मधे बोट उलटली, सहा माणसं गेली. तेव्हा दोन्ही काठांवर शोध चालला, हद्द कुणी विचारली नाही. मी तेच बोललो. टेबलावर एक तरुण मॅडम होत्या. त्यांनी खुर्ची दिली आणि झिरो एफआयआर लिहून घेतली. घटना कुठल्याही हद्दीतली असो, दखलपात्र गुन्हा असेल तर नोंदवून पुढे पाठवायचा, हे नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे, कलम 173. इंजिन अजून सापडलं नाही. पण त्या मॅडमबद्दल वाईट बोलवत नाही.

निवृत्त हवालदार, सोलापूर

26 वर्षं नोकरी केली, म्हणून खरं लिहितो. गुन्हे कमी दिसले की ठाण्याचं काम चांगलं, असा हिशेब वरपासून चालत आलाय. त्यात आषाढीला निम्मं मनुष्यबळ पंढरपूरच्या बंदोबस्ताला. मग टेबलावरचा माणूस एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून मोकळा होतो. 2013 साली सुप्रीम कोर्टाने ललिता कुमारी खटल्यात सांगितलं की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली की नोंद केलीच पाहिजे. आम्हाला परिपत्रक आलं, वाचूनही दाखवलं. तरी मी बायकांना परत पाठवलंय. एक तर पदराने कपाळ दाबून उभी होती, मी तिला "उद्या या" म्हणालो. ती आली नाही. वरच्या अक्कांचं वाचून तीच आठवली. सेटलमेंटच्या ताईंना सांगतो, रात्रभर बसवून नोंद न करणं चूकच. अटक असेल तर पंचनामा, साक्षीदाराची सही, नातेवाइकाला कळवणं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे. अटक नसेल तर रात्रभर बसवायचा अधिकार कुणालाच नाही.

होटगी रोड, कॉलेजला आहे

रात्री क्लासवरून येताना दोघे मागे लागले. 112 लावला. गाडी लवकर आली, सोबतच्या महिला पोलिसांनी मला दारापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी फोन करून विचारपूसही केली.

मीच पुन्हा, धागा सुरू करणारी

हवालदार काका, तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं. अक्का, तुमची पोस्टाची गोष्ट आईला वाचून दाखवली, तिने दोनदा ऐकली. आम्ही माहिती अधिकारात त्या रात्रीचं फुटेज मागितलंय. सुप्रीम कोर्टाने 2020 च्या डिसेंबरात प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायचे, चित्रण जपून ठेवायचं, असा आदेश दिलेला आहे. आम्हाला उत्तर आलं, त्या रात्री कॅमेरा नादुरुस्त होता. अपील केलंय. भाऊ म्हणतो, सोड ताई, मला परत तिथे बघतील. त्याचं म्हणणं मला कळतं आणि मी सोडणारही नाही. सुनावणीची तारीख लागली की इथेच लिहीन. जिलेबीच्या स्टॉलवाल्या मामांनी साक्षीला येतो म्हणून सांगितलंय.